क्वेताची पोल्का, बाजू पहिली

रेकॉर्डला भविष्य आहे की नाही, या विषयावर मी पूर्वी कधीही मत दिलेलं नाही. मी जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत काम करतो. आमच्याकडे भविष्य हा विषयच नसतो. बांध कुठे होता एवढंच आम्ही सांगतो, कुठे असेल ते सांगत नाही. शिवाय संगीताशी माझा संबंध शाळेतच संपला. गाण्याच्या बाईंनी मला समूहगीतात उभं केलं होतं खरं, पण फक्त तोंड हलव, आवाज काढू नकोस, असं प्रेमानं सांगितलं होतं. पुढे मी नेमका अशा घराण्याचा जावई झालो, जिथे मुलं चालायच्या आधी फुंकायला शिकतात.

माझे सासरे वेंडेलिन हे ओल्शिना गावच्या बँडमध्ये फ्लूगलहॉर्न वाजवतात. फ्लूगलहॉर्न म्हणजे ट्रम्पेटचा गुबगुबीत, मवाळ बोलणारा भाऊ. सासरेबुवा मात्र मवाळ बोलत नाहीत. त्या रविवारी जेवताना बदकाची तंगडी हातात धरून ते म्हणाले, "पुढचे दोन दात हलतायत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सफरचंदं उतरेपर्यंत टिकले तरी खूप झालं."

दुसऱ्या कुणाचे दात असते तर आम्ही जेवत राहिलो असतो. पण फ्लूगलहॉर्न टेकतं ते नेमकं त्या दातांवर. दात गेले की फुंक गेली, आणि फुंक गेली की क्वेताची पोल्का गेली. क्वेता म्हणजे माझ्या सासूबाई. ही पोल्का, म्हणजे नाचायची उडती चाल, सासरेबुवांनी लग्नाआधी त्यांच्यासाठी रचली आणि आजतागायत कागदावर उतरवली नाही, कारण कागद सापडला की दुसरा बँड ती चोरणार, असा त्यांचा पक्का समज. बँडमधल्या बाकीच्यांना फक्त मागची साथ ठाऊक. मुख्य चाल सगळी त्यांच्या ओठांत. सासूबाईंनी नवऱ्याच्या ताटात न मागता आणखी कोबी वाढला.

माझी बायको राड्मिला म्हणाली, "बाबा, फोनवर रेकॉर्ड करू या की. आत्ता, जेवण झाल्यावर."

"फोनवर ठेवलेलं असतं कुठे?" सासरेबुवांनी विचारलं. "तुझ्या आईच्या साठीचे फोटो कुठे आहेत?"

"ते... फोन तळ्यात पडला ना तेव्हा."

"मग पोल्काही तळ्यातच टाक. कार्पमासे ऐकतील."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दुसरी बिअर संपत आली होती, आणि दुसऱ्या बिअरच्या तळाशी माझ्यात एक कर्तबगार माणूस जागा होतो. तो म्हणाला, "बाबा, मी रेकॉर्ड काढतो. खरी. काळी, गोल, सुईनं वाजणारी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासरेबुवांनी तंगडी खाली ठेवली. "जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही गेल्या साली खुराड्याचं दार बसवलंत. कोंबड्या अजून खिडकीतून जा-ये करतात."

हा घाव खोल होता. खुराड्याच्या दाराबद्दल मला बरंच काही सांगता येईल, मुळात चौकटच तिरकी होती, पण ते असो. त्या क्षणी मी ठरवलं, की आता रेकॉर्ड निघणार. आणि ती निघाल्यावर या माणसाच्या तोंडून माझ्याबद्दल एक तरी धड वाक्य निघणार.

सोय म्हणावी तर आमच्या शहराच्या टोकाला रेकॉर्ड दाबायचा कारखाना आहे. जगभरातल्या गवयांच्या तबकड्या आमच्या इथे, बटाट्याच्या शेतांच्या कडेला निघतात. ज्याची एखादी मावशी तिथे कामाला नाही असं घर शहरात सापडायचं नाही. मला वाटलं, सकाळी जावं, दुपारी रेकॉर्ड काखेत मारून घरी यावं. हा बेत मी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या इंजिनियर होरिनासाहेबांना सांगितला, ही माझी पहिली चूक.

होरिनासाहेब पूर्वी धरणांवर होते. आता हाताशी धरण नाही, त्यामुळे साठलेलं सगळं ज्ञान आमच्या अंगावर सोडतात. "रेकॉर्डला भविष्य आहे!" ते म्हणाले, आणि लिफ्टचं दार पायानं अडवून धरलं. "का सांगतो. जे हातात धरता येतं ते माणूस फेकत नाही. पण एक लक्षात ठेवा. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला आवाज उत्तम. आत आत जावं तसा तो गुदमरतो. भूमिती आहे, त्याला कुणाचा इलाज नाही. पोल्का बाहेर घ्या, पहिल्या बाजूला, पहिली." तेवढ्यात लिफ्ट कण्हायला लागली आणि वरून कुणीतरी शिव्या घातल्या.

हे ज्ञान मी भोळेपणानं बँडपर्यंत पोचवलं, ही दुसरी. त्या दिवसापासून ओल्शिनाच्या बँडमध्ये सगळ्यांनाच बाहेरची जागा हवी झाली. ट्यूबा हे अगडबंब पितळी वाद्य वाजवणारे बार्तोश हे आकारानं ट्यूबाचेच सख्खे भाऊ. ते म्हणाले, "माझा वॉल्ट्झ आत गुदमरवणार? माझा? मी गुदमरलो तर बँडला बूड उरणार नाही." क्लॅरिनेटवाल्यानं तर रेकॉर्डला एकूण किती बाहेरच्या कडा असतात अशी माहिती मागितली. दोन, असं कळल्यावर तो हिरमुसला. शेवटी पोल्का पहिल्या बाजूच्या कडेला आणि बार्तोश यांचा वॉल्ट्झ दुसऱ्या बाजूच्या कडेला असा तह झाला. बाकीचे आत गुदमरायला तयार झाले, पण प्रत्येकानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू भूमिती मीच शोधून काढली आहे.

कारखान्यात श्टेपांका नावाच्या बाई भेटल्या. "किती हव्यात?" त्यांनी विचारलं.

"एक," मी म्हणालो. मग जरा उदार होऊन, "चला, दोन."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, इथे आधी साचा बनतो. मग यंत्र तापवायचं, दाब लावायचा. दोन पावांसाठी कुणी भट्टी पेटवतं का? तीनशेच्या खाली आम्ही हात लावत नाही. आणि आत्ता रांग आहे ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. सगळी पोरं रेकॉर्डच मागतायत."

"पोरं? ऐकतात ती?"

"निम्म्यांकडे ग्रामोफोनसुद्धा नाही. भिंतीला लावतात. मला काय, मी दाबून देते." मग त्यांनी पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि आवाज खाली आणला. "समुद्रापलीकडच्या एका गायिकेची निळी रेकॉर्ड पुढे ढकलली आहे. निळा रंग तिला पसंत पडेना. ती जागा रिकामी आहे. पण आवाज मला महिन्याभरात हवा."

अशा रीतीनं एका जगप्रसिद्ध बाईंच्या निळ्या रंगाच्या नखऱ्यामुळे ओल्शिनाच्या बँडला जागा मिळाली. तीनशे रेकॉर्ड घ्यायच्या म्हणजे सुट्टीचे पैसे गेले, त्या वर्षी क्रोएशियाचा समुद्र आमच्यासाठी आटला. हे राड्मिलाला कसं सांगावं याची मी घरी येईपर्यंत तालीम केली. तिनं ऐकून घेतलं आणि नुसती म्हणाली, "बाबांचं वाजवणं राहील ना पण?" मी राहील म्हणालो. तिनं पोहण्याचे कपडे परत माळ्यावर ठेवले. त्यानंतर मला माघार घ्यायची सोय उरली नाही.

स्वामित्वहक्काच्या कचेरीनं मधे एक आठवडा खाल्ला. तिथल्या बाईंना पोल्काची स्वरलिपी हवी होती. सासरेबुवा द्यायला तयार नव्हते. "मग ही रचना दुसऱ्या कुठल्या रचनेसारखी नाही हे आम्ही कसं ठरवायचं?" बाईंनी फोनवर विचारलं. मी म्हणालो, "बाई, पोल्का सगळ्याच एकमेकींसारख्या असतात." हे ऐकून त्यांनी फोन ठेवून दिला. नंतर कळलं की त्यांचे वडीलही बँडमध्ये होते. मला माफी मागायला केकचा डबा घेऊन जावं लागलं, आणि केक खाल्ल्यावर त्यांनी 'लोकांत प्रचलित' असा काहीतरी तोडगा काढला. सासरेबुवांना तो शब्द कळला तेव्हा ते म्हणाले, "लोकांत? लोकांत कुठे? माझ्यात!"

वाजवायची जागा म्हणून गावच्या अग्निशमन दलाचं सभागृह घेतलं. आठवड्याच्या शेवटी तिथे लग्नं असतात, म्हणून बुधवार ठरला. प्रागहून एक ध्वनिमुद्रक आला. सडपातळ, काळे कपडे, मायक्रोफोनला हात लावायच्या आधी बोटं पुसणारा. सकाळी बार्तोश यांचा वॉल्ट्झ आणि आतली सगळी गुदमरणारी मंडळी उरकली. मग सासरेबुवा उभे राहिले. ओठ ओले केले. आणि क्वेताची पोल्का सुरू झाली.

मला संगीतातलं कळत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे. पण त्या दिवशी एवढं मलाही कळलं. म्हातारा माणूस वाजवत नव्हताच, तो कुणाच्या तरी खिडकीखाली उभा होता. एक सूर हलला नाही. शेवटची तान संपली तेव्हा सगळ्यांनी टोप्या काढल्या. बार्तोश यांनी नाक पुसलं. मी विजयी मुद्रेनं ध्वनिमुद्रकाकडे पाहिलं.

तो पांढरा पडला होता. "हे काय होतं?" त्यानं विचारलं.

"पोल्का," बार्तोश म्हणाले.

"ते नाही! तो भोंगा!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भोंगा? मग कुणीतरी घड्याळ पाहिलं. महिन्यातला पहिला बुधवार, दुपारचे बारा. त्या वेळी देशभरातले धोक्याचे भोंगे वाजवून तपासतात. लहानपणापासून आम्ही ते इतके ऐकले आहेत, की आमच्या कानांनी त्यांची दखल घेणंच सोडलं आहे. आणि ओल्शिनातला भोंगा कुठे बसवलाय? अग्निशमन दलाच्या छपरावर. आमच्या डोक्यावर. अख्ख्या पोल्काभर तो कोकलला आणि आमच्यापैकी एकानंही ऐकला नाही. ध्वनिमुद्रकाला वाटलं होतं, हा बँडचाच काही प्रकार असेल.

त्यानं ऐकवलं. फ्लूगलहॉर्नवर भोंगा असा काही पसरला होता, की सासूबाईंसाठी रचलेलं प्रेमगीत बॉम्बहल्ल्याच्या सूचनेसारखं वाटत होतं.

"पुन्हा घेऊ," सासरेबुवा म्हणाले. पुन्हा घेतलं. दुसऱ्या वेळी ते थकले होते, पण वाजवत चांगले होते. मधल्या तानेत मात्र, जिथे चाल वर चढून एका सुरावर थांबते, तिथे सूर चिरकला. लहानसा. मला कळलासुद्धा नसता, पण बाकीच्या सगळ्यांनी एकदम जमिनीकडे पाहिलं, म्हणून कळला.

"जेवून तिसऱ्यांदा घेऊ," सासरेबुवा म्हणाले. "आता पोट भरू दे."

जेवायला सासूबाईंनी प्लमचे गोळे केले होते. उकडलेले, वर वितळलेलं लोणी, पिठीसाखर आणि खसखस. प्लम आत अख्खे घालतात, बीसकट. बिया ताटाच्या कडेला मांडत जायच्या आणि शेवटी कुणाच्या जास्त ते बघायचं, हा आमच्याकडचा पुरुषार्थ. बार्तोश पुढे होते. सासरेबुवांना ते सहन होईना. त्यांनी वेग वाढवला. मग कडक असा आवाज झाला आणि त्यांनी ताटाच्या कडेला बियांच्या शेजारी हळूच एक दात ठेवला. थोड्या वेळानं दुसरा.

"दात मोजणीत धरायचे नाहीत," बार्तोश म्हणाले. त्यावर कुणालाच हसू आलं नाही.

म्हणजे आमच्याकडे आता एक पोल्का भोंग्यासकट होती आणि एक चिरकलेली. तिसरी कधीच होणार नव्हती. चिरकलेली कारखान्यात पाठवली. तिची नमुन्याची तबकडी आली, तेव्हा होरिनासाहेबांच्या तळघरातला ग्रामोफोन सासरी नेऊन आम्ही ती ऐकली. ग्रामोफोन देताना त्यांनी "सुईवर फुंकर मारू नका, सुईखालून टाळी वाजवू नका, सुईजवळ राजकारण बोलू नका" अशा सूचना दिल्या होत्या. श्टेपांकाबाईंना शुक्रवारपर्यंत होकार हवा होता. नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती, कारण निळ्या रंगाच्या बाई आता लाल रंगावर राजी झाल्या होत्या.

चिरक आली. सासरेबुवांनी सुई उचलली. "हे निघायचं नाही," ते म्हणाले. दात नसल्यानं शब्द फुसकत होते, पण अर्थ स्वच्छ होता. "पन्नास वर्षं वाजवलं आणि मागे ठेवायचं हे? मी मेल्यावर लोक म्हणतील, बघा, वेंडेलिन इथे पडला."

"भोंगावाली घेऊ या का?" बार्तोश म्हणाले. "भोंगा तसा सुरात होता."

"तू गप्प बैस!"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात वाटाणे सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझं नाव आहे तिच्यावर. मला हवी आहे."

"क्वेता, चुकलेली आहे ती!"

"मला हवी आहे म्हटलं ना."

शुक्रवारी मी कचेरीतून फोन केला. समोर दोन शेतकरी एका बांधावरून भांडत उभे होते, त्यांना हातानं थांबवलं आणि श्टेपांकाबाईंना सांगितलं, "दाबा." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की खुराड्याचं दार ही आता किरकोळ बाब झाली आहे.

तीनशे रेकॉर्ड आल्या. तीनशे रेकॉर्ड म्हणजे किती वजन असतं, हे होरिनासाहेबांनी मला लिफ्टची क्षमता आणि आमच्या तळघराच्या फळ्यांची जाडी यांच्यासह समजावलं. दरम्यान इमारतीच्या सभेत 'सामायिक जागेत व्यापारी साठा' हा विषय निघाला, आणि माझ्यासारख्या माणसाला, ज्यानं आयुष्यात सायकलसुद्धा जिन्यात ठेवली नाही, उभं राहून खुलासा करावा लागला. मी वाढदिवसाला रेकॉर्ड दिल्या. लग्नात दिल्या. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला दिली, तो परत कधी आला नाही. काही मी प्राग आणि ब्र्नोच्या दुकानांत ठेवून आलो. कव्हरवर ट्यूबासकट बार्तोश आणि त्यांच्या पायाशी एक हंस असा फोटो होता. तो बघून पोरांनी त्या पटापट उचलल्या आणि भिंतीला लावल्या. बार्तोश आता देशभर खिळ्याला टांगलेले आहेत आणि त्यांना त्याचा भलताच अभिमान आहे.

सासरेबुवा माझ्याशी बोलेनासे झाले. रविवारी ते रश्श्याचं भांडं माझ्या नाकासमोरून राड्मिलाला द्यायचे, आणि मग ती मला द्यायची. सासूबाई जेवणानंतर रोज होरिनासाहेबांच्या उसन्या ग्रामोफोनवर पोल्का लावायच्या. ती मधली तान जवळ आली की सासरेबुवा खोकायचे. वेळ साधून, मोठ्यांदा, चिरक झाकेल असे. काही दिवसांनी मांजरसुद्धा त्या जागी आधीच उठून बाहेर जायला लागलं. मला वाईट वाटायचं. म्हाताऱ्याचं वाजवणं राहावं म्हणून मी हे सगळं केलं, आणि राहिला तो खोकला. नव्या कवळीवर फ्लूगलहॉर्न टिकेना. त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तळ्याकाठी बँडचा मेळावा होता. सासरेबुवा यायलाच तयार नव्हते. सासूबाईंनी त्यांना सॉसेजच्या आमिषानं आणलं. बार्तोश आणि मंडळी वाजवून खाली उतरली. मग मोराविया प्रांतातला एक बँड चढला. मोरावियातल्या बँडबद्दल सासरेबुवांचं मत मी इथे छापत नाही. त्यांच्या म्होरक्यानं सांगितलं, की ही पोल्का आम्हाला ब्र्नोच्या दुकानातल्या एका रेकॉर्डवर मिळाली, कागद कुठेच मिळाला नाही, म्हणून हिवाळाभर सुई मागे-पुढे करून कानांनी उतरवली.

आणि क्वेताची पोल्का सुरू झाली.

सासरेबुवा ताठ झाले. मी मनात देवाचा धावा सुरू केला. चोरली, चक्क चोरली, आणि चोरीचा माल मी दुकानात नेऊन ठेवला होता. चाल वर चढू लागली. सासरेबुवांनी सवयीनं खोकायला छाती भरली. तेवढ्यात त्या सुरावर मोरावियाची दोन्ही फ्लूगलहॉर्नं एकदम, एकजुटीनं, अगदी मनापासून चिरकली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो सजावटीचा भाग वाटला. बार्तोश यांच्या हातातली बिअर सांडली. सासरेबुवांनी भरलेली छाती तशीच रोखून धरली होती. पोल्का संपली, आणि ते उठून थेट मंचाकडे चालायला लागले. मी मागे धावलो. म्हाताऱ्यानं कुणावर हात उचलला तर सोडवायला कुणीतरी हवं होतं.

"ते वरच्या सुरावर करता ते काय?" त्यांनी म्होरक्याला विचारलं.

म्होरक्या घाबरला नाही. "अहो, तीच तर खरी गंमत आहे तिच्यात. आम्हाला बसवायला फार दिवस लागले. चूक असती तर बाकी सगळं इतकं साफ कसं असतं?"

"उशिरा करता तुम्ही," सासरेबुवा म्हणाले. "सूर लागल्यावर नाही. लागता लागता. आणि ओठ ढिला नाही सोडायचा, श्वास अडकतो तिथे."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच आहे तो." मग त्यांनी मागे वळून माझ्या दंडाला धरलं आणि मला पुढे ओढलं. "आणि हा माझा जावई. रेकॉर्ड यानं काढली. मी नको नको म्हणत होतो."

म्होरक्यानं टोपी काढली. फ्लूगलहॉर्नवाले दोघेही जवळ आले. त्यातला एक म्हणाला, "पण आजोबा, श्वास का अडकतो तिथे? कारण कळलं तर वाजवता येईल."

सासरेबुवांनी कवळी जिभेनं नीट बसवली. "त्या वेळी दार उघडून ही जेवण घेऊन आत आली होती," ते म्हणाले. "मी तिकडे बघितलं."

"पण इथे मैदानात दार कुठलं?"

सासरेबुवांनी सॉसेजच्या रांगेकडे बोट केलं. तिथे सासूबाई मोहरी कमी घातली म्हणून विक्रेत्याशी भांडत उभ्या होत्या.

"मग तिच्याकडे बघून वाजवा," ते म्हणाले. "पुन्हा एकदा. सुरुवातीपासून."